हसणाऱ्यांत ती आहे का?



आज जो विषय घेतला आहे, तो कुठल्याच प्रशिक्षणाच्या पुस्तकात नाही. पण गट मोडण्याची कारणं शोधायला बसलं, की हा विषय हटकून पुढे येतो. हिशेब चुकला म्हणून मोडलेले गट असतील, पण कुणीतरी कुणाबद्दल काहीतरी बोललं आणि ते फिरत फिरत तिच्या कानावर गेलं, म्हणून मोडलेले गटही कमी नाहीत. म्हणून आज बोलू या थट्टेबद्दल आणि कुचाळकीबद्दल. दोन्हीत हसू असतं, दोन्ही ठिकाणी चार जणी जमलेल्या असतात. मग फरक कुठे आहे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. "चार बायका जमल्या की चुगल्याच करणार," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ते मान्य नाही. पारावर, चहाच्या टपरीवर, दाढी करायला बसलेल्या दुकानात कुणाच्या घरात काय चाललंय याचीच चर्चा असते. तिथे मात्र तिला 'गप्पा' म्हणतात. तेव्हा हा काही बायकांचा खास दोष नाही. आणि बायकांनी हसायचं नाही, जमायचं नाही, असंही मला सांगायचं नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा पोट धरून हसायला मिळालं, तर ते औषधच आहे.

आपल्याकडे थट्टेची रीतच आहे

थोडं आठवून बघा. लग्नात विहिणी एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात. रुखवतावरून, जेवणावरून, मानपानावरून चेष्टा चालते. पण वरपक्षाकडून टोमणा आला, की वधूपक्षाकडून त्याचं उत्तर जातं. नवी नवरी उंबऱ्यापाशी आली, की नणंदा दार अडवतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. नवरी लाजते, पण उखाण्यात नणंदेलाच चिमटा काढायची मुभाही तिला असते. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी रंगली, की एक बाजू चिडवते आणि दुसरी तोडीस तोड परतवते.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यांतल्या एका भारुडात सासरला कंटाळलेली सून देवीला साकडं घालते, की या सगळ्यांना माझ्यापासून दूर कर. साडेचारशे वर्षांपासून हे भारुड लोक ऐकतात आणि त्यावर सासवाही हसतात. का बरं हसत असतील? कारण ते अमक्या गल्लीतल्या तमक्या सासूवर रचलेलं नाही. प्रत्येकीला त्यात आपलं थोडंसं रूप दिसतं आणि कुणाचीच मान खाली जात नाही. शिवाय वरून थट्टा दिसली, तरी आत त्याला परमार्थाचा अर्थ आहे.

या सगळ्या जुन्या थट्टेत एक गोष्ट सारखी आहे. जिची थट्टा होते, ती तिथे हजर असते, तिला उत्तर देता येतं आणि शेवटी तीही हसते. खेळ संपला की थट्टाही संपते. दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर जात नाही.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. ज्या हसण्यात ती स्वतः सामील आहे, ती थट्टा. जिथे तिला वगळून, तिला उत्तराची संधी न देता हसलं जातं, ती कुचाळकी.

'म्हणे' नावाचा छोटा शब्द

आता कुचाळकी कशी वाढते ते बघू. आपल्याच कामातलं उदाहरण घेते. समजा, गटातल्या एका बाईचा या महिन्याचा हप्ता आला नाही. खरी माहिती एवढीच आहे, की हप्ता आला नाही. पण बैठक संपल्यावर रस्त्यात एक जण म्हणते, "पैसे नसतील, तिचा नवरा कामावर जात नाही म्हणे." दुसरी घरी जाऊन जावेला सांगते, "तिच्या नवऱ्याचं काम सुटलं." जाऊ गिरणीत सांगते, "तो पत्ते खेळतो ना, म्हणून काम सुटलं." चौथ्या तोंडी गोष्ट येते तेव्हा ती अशी झालेली असते, की गटाचं कर्ज नवऱ्यानं जुगारात घातलं आणि बाई आता गाव सोडणार आहे.

पराचा कावळा होतो म्हणतात, तो असा. यातल्या कुणीच मुद्दाम खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकीनं आपला फक्त एक कण घातलेला असतो. 'म्हणे', 'म्हणतात', 'ऐकलंय बाई' हे शब्द फार सोयीचे आहेत. ते वापरले की बोलणारीवर जबाबदारी येत नाही आणि ऐकणारीला मात्र ते खरंच वाटतं.

आणि ज्या बाईचा हप्ता चुकला, ती? कदाचित तिचं लेकरू दवाखान्यात असेल. कदाचित कांद्याची पट्टी अजून हाती आली नसेल. पण तिच्या कानावर जुगाराची गोष्ट गेली, की ती पुढच्या बैठकीला येत नाही. लाजेनं ती यायचं थांबते आणि लोक म्हणतात, "बघा, खरंच होतं म्हणून तोंड लपवतेय." आता तिला हप्ता भरायचा असला, तरी कुठल्या तोंडानं यायचं हा प्रश्न असतो. एका हप्त्याचा प्रश्न मुदत वाढवून सुटला असता. इथे माणूसच तुटतं.

गटाचा यात काय तोटा? फार मोठा. बँक गटाला ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज देते तेव्हा घर किंवा शेत तारण मागत नाही. ती बघते आपली पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. म्हणजे आपलं तारण काय, तर एकमेकींवरचा भरवसा. तो डगमगला की आधी बैठकीची हजेरी घटते, मग बचत मागे पडते, मग परतफेड. गटाची पत गेली, की त्याचा फटका बोलणारीलाही बसतो. तिलाही उद्या शेळी घ्यायला, मुलीच्या फीसाठी कर्ज हवंच असतं.

शंका विचारणं म्हणजे कुचाळकी नाही

इथे कुणी म्हणेल, "मग काय, हिशेबात गडबड दिसली तरी गप्प बसायचं का?" मुळीच नाही. पैशाच्या बाबतीत शंका आली तर ती विचारलीच पाहिजे. पण ती कुठे आणि कशी विचारायची, यावर सगळं अवलंबून आहे.

"अध्यक्षबाईंच्या घरी नवीन फ्रिज आला, आपल्याच पैशाचा असणार," हे विहिरीवर बोललं तर ती कुचाळकी. अध्यक्षबाई तिथे नाहीत, पासबुक तिथे नाही, खरं-खोटं ठरवायला काहीच नाही. तेच बैठकीत उभं राहून म्हणायचं, "ताई, गेल्या तीन महिन्यांचं पासबुक भरून आणा आणि जमा-खर्च सगळ्यांना वाचून दाखवा." हा प्रत्येक सदस्येचा हक्क आहे. यात कुणावर आरोप नाही. हिशेब नीट असेल तर अध्यक्षबाईंची मान ताठ राहते. नसेल तर चूक वेळेवर सापडते.

चुलीपाशी केलेल्या आरोपानं एकही रुपया परत येत नाही. बैठकीत विचारलेल्या प्रश्नानं येऊ शकतो.

तोंडावर केलेली प्रत्येक थट्टा निर्मळ असते का?

नाही. इथे नीट विचार करायला हवा. "मी काय पाठीमागे बोलत नाही, जे आहे ते तोंडावर बोलते," असं काही जणी अभिमानानं सांगतात. पण समोरची उत्तर देऊ शकते का, हेही बघावं लागतं. नवी सून सासूच्या मैत्रिणींपुढे काय बोलणार? जिनं आपल्याकडून उसने पैसे घेतलेत, ती आपल्या टोमण्याला काय उत्तर देणार? जिच्या घरचं मजुरीवर चालतं, ती शेतमालकिणीच्या विनोदावर हसेलच, पण ते हसू खरं नसतं. खालच्या मानेनं हसणं आणि मोकळं हसणं यांतला फरक बघितला की कळतो.

आणि काही विषय असे आहेत, की त्यांवर थट्टा होऊच शकत नाही, कारण ते बाईच्या हातात नसतं. मूल न होणं, मुलीच होणं, रंग, अंगातलं व्यंग, नवरा जाणं, नवऱ्यानं टाकणं. "बघा, हिच्या झाडाला काही फळ धरत नाही," असं हसत म्हटलं तरी ते त्या बाईच्या काळजात जातं आणि रात्रभर तिथेच राहतं.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आपण मारहाणीचा कायदा म्हणून ओळखतो. पण त्यात शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारच मानला आहे. घरच्यांनी अपमान करणं, हेटाळणी करणं, नावं ठेवणं, आणि खास करून मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हे सगळं त्यात मोडतं. म्हणजे घरातली माणसं ज्याला 'गंमत' म्हणतात, त्याविरुद्ध बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागू शकते.

जातीवरून केलेली चेष्टा तर थट्टेत धरायचीच नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून मुद्दाम अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आपल्या गटात वेगवेगळ्या आळीतल्या बाया एका सतरंजीवर बसतात, ही आपली मोठी कमाई आहे. एका घाणेरड्या विनोदापायी ती घालवू नका.

बोलणं कुठवर जाऊ शकतं

काहींना वाटेल, बोलण्यानं काय होतं, अंगाला भोकं थोडीच पडतात! पण बोलण्यानं जीव गेले आहेत. आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गाव आहे. १ जुलै २०१८ या दिवशी तिथे पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. त्या पाच जणांना आपली ओळख पटवून द्यायची संधीच मिळाली नाही. जमावातल्या कुणी थांबून विचारलं असतं, "हे खरं आहे कशावरून? कुणाचं मूल हरवलंय?" तर पाच घरांचे कर्ते पुरुष वाचले असते.

तो निरोप पुढे पाठवणाऱ्या कितीतरी लोकांना आपण वाईट करतोय असं वाटलंही नसेल. "सावध राहा" एवढंच त्यांच्या मनात असेल. म्हणून मोबाइलवर आलेली गोष्ट पुढे ढकलण्याआधी बोट थांबवा. गावात शंभर जणींना ती एका क्षणात पोचते, पण खोटी निघाली तर शंभर घरांतून परत आणता येत नाही.

दुसरा धोका आपल्या जास्त जवळचा आहे. एखादी एकटी राहणारी म्हातारी असते, विधवा असते. कुणाची म्हैस आटते, कुणाचं पोर तापतं. मग हळूच कुजबुज सुरू होते, "तिची नजर वाईट आहे." काही दिवसांनी, "ती करणी करते." मग तिच्या दारावरून जाणं बंद, तिला हळदी-कुंकवाला बोलावणं बंद, आणि कधी कधी मारहाणही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं असं करणं गुन्हा ठरवलं आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते किंवा तिच्यामुळे रोगराई पसरते, असा समज पसरवून तिचं जगणं अवघड करणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंडही होऊ शकतो. तेव्हा "मी फक्त बोलले" असं म्हणून सुटता येत नाही.

दुःख सांगणं ही चुगली नव्हे

आता दुसरी बाजू. चुगली नको, या नावाखाली बाईचं तोंड बंद करायचाही डाव असतो. "घरातलं बाहेर सांगू नकोस, लोक हसतील," असं सांगून किती जणींना वर्षानुवर्षं मार खायला लावलाय! आपला त्रास आपल्या मैत्रिणीला सांगणं ही चुगली नाही. आपल्या आया-आज्या जात्यावर बसून तेच करत होत्या. सासुरवास, माहेरची ओढ, सगळं त्या ओवीत गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी पुण्यातून काम उभं करून गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं मन बायकांनी एकमेकींपाशी मोकळं केलं, म्हणून त्या टिकल्या.

दुसरीचा त्रास बघून गप्प बसणंही योग्य नाही. शेजारणीला मारहाण होताना ऐकू येत असेल तर ते कुणाला तरी सांगावंच लागेल. पण मदत करू शकेल त्यालाच. आधी तिलाच विचारा, "ताई, काय करू तुझ्यासाठी?" तिची तयारी असेल तर गटाच्या एक-दोन जाणत्या बायांना, ग्रामसंघाला, अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सोबत घ्या. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे आणि जीव धोक्यात असेल तर ११२ वर लगेच फोन करा. तिथे परवानगीची वाट बघू नका. लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८.

हीच गोष्ट गिरणीत रांगेत उभं राहून दहा जणींना सांगितली तर तिला मार तर चुकत नाहीच, वर गावभर बोभाटा होतो. बातमी तीच, पण एका ठिकाणी तिच्या मदतीला माणूस येतं आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या दुःखावर चार जणींचा वेळ जातो.

मग करायचं काय?

बोलायच्या आधी मनाशी तीन प्रश्न विचारा. ती आत्ता इथे आली, तर मी हेच वाक्य याच आवाजात बोलेन का? हे मी डोळ्यांनी पाहिलंय, की 'म्हणे'वर चाललंय? हे बोलून तिचं किंवा गटाचं काही भलं होणार आहे का? पहिल्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबलेलं बरं.

दुसऱ्या कुणी सुरुवात केली तर काय? मारणाऱ्याचे हात धरता येतात, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, असं म्हणतात. तोंड नाही धरता आलं, तरी आपला कान काढून घेता येतो. भांडायची गरज नाही. एवढंच म्हणा, "ती नाहीये इथे, आली की तिलाच विचारू." किंवा, "चल, तिच्या घरी जाऊन बघू, काही अडचण असेल." किंवा सरळ विषय बदला, "अगं, तुझ्या सोयाबीनचं काय झालं?" ऐकणारी मिळाली नाही, की कुचाळकी आपोआप विझते.

एखादी थट्टा करता करता समोरचीचा चेहरा उतरलेला दिसला, तर "एवढंही कळत नाही का, गंमत केली," असं म्हणू नका. दुखलं की नाही हे जिला लागलं तिनं ठरवायचं. "ताई, लागलं का गं? पुन्हा नाही बोलणार," हे दोन शब्द पुरेत. आणि जे पाठीमागे पसरलं असेल, ते जिथे जिथे सांगितलं, तिथे जाऊन "ते खरं नव्हतं" हेही सांगायला हवं. पसरवायला जेवढी पावलं चाललो, तेवढी परतही चालावी लागतात.

ज्या मैत्रिणीबद्दल असं बोललं गेलंय, तिच्यासाठीही सांगते. बैठकीला यायचं थांबवू नकोस. तू नसलीस की तुझी बाजू मांडायला कुणीच नसतं. गटातल्या एका विश्वासाच्या बाईला सोबत घे आणि बैठकीत शांतपणे सांग, "माझ्याबद्दल असं बोललं जातंय. खरं काय ते हे आहे."

गटासाठी एक काम देते. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक ठराव लिहा: जी सदस्य हजर नाही, तिच्या घरच्या गोष्टींवर बैठकीत चर्चा होणार नाही आणि पैशाची कोणतीही शंका बैठकीतच विचारली जाईल. सगळ्यांनी सह्या करा, अंगठे उठवा. आणि बैठकीची शेवटची दहा मिनिटं हसण्यासाठी राखून ठेवा. प्रत्येकीनं आपल्या स्वतःच्या फजितीचा एक किस्सा सांगायचा. भाजीत दोनदा मीठ कसं पडलं, बँकेत फॉर्मवर सहीच्या जागी गावाचं नाव कसं लिहिलं. स्वतःवर हसताना कुणाचं मन दुखत नाही, आणि एक जण हसली की बाकीच्यांची भीडही मोडते.

हा ठराव केला आणि तुमच्या गटात काय बदललं, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू या पुढच्या भागात. तोवर भरपूर हसा, पण हसणाऱ्यांत तीही आहे ना, तेवढं बघत चला. नमस्कार!